टॅगवरची सही

आमच्या प्लांट रूममध्ये एक नोंदवही असायची. ड्यूटीवरच्या माणसाने दर चार तासांनी सगळे मजले फिरायचे, भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा लिहायचा आणि सही ठोकायची. २३, २३, २२.५, २३. वर्षानुवर्षं तेच. पहाटे चारची नोंद रात्री बारालाच उरकलेली असायची, हे मला ठाऊक होतं, आमच्या विभागातल्या मामांना ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही मामांना ठाऊक होतं. गंमत म्हणजे तो आकडा खोटा नव्हता. पहाटे चारला कुणी खरंच जिने चढून गेलं असतं, तरी त्याला २३च दिसले असते.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत देखभाल विभागात आहे. पाणी गार करणारे चिलर, हवा गार करून खोल्यांत ढकलणारी एएचयू यंत्रं, जनरेटर, पंप, म्हणजे इमारतीत जे काही घरघरतं ते आमचं. तिसऱ्या मजल्यावर सेल कल्चरची, म्हणजे फ्लास्कमध्ये जिवंत पेशी वाढवायची लॅब आहे. तिथल्या मॅडमची तक्रार दर पावसाळ्यात ठरलेली: बुरशी. फ्लास्कमध्ये कापसाच्या पुंजक्यासारखं पांढरं काहीतरी तरंगायला लागतं आणि महिनाभराचं काम सिंकमध्ये जातं. त्या फोन करायच्या, मी नोंदवही घेऊन वर जायचो आणि सगळे २३ दाखवायचो. सोबत हवेतला दमटपणा मोजणारा एक हायग्रोमीटरही न्यायचो. दुपारी बाराला तो साठ-बासष्ट टक्के दाखवायचा. पावसाळ्यातल्या पुण्यात बंद खोलीत साठ टक्के म्हणजे तक्रारीला जागाच नाही. मॅडम गप्प बसायच्या. एकदा माझ्यासमोरच त्या एका पीएचडीच्या मुलीला म्हणाल्या, "मग तुझं हँडलिंगच चुकतंय." ती मुलगी काही बोलली नाही. हातमोजे काढून कचऱ्यात टाकले आणि बाहेर गेली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आता सांगायला हरकत नाही.

मग एकदाचे पैसे मंजूर झाले. जुनी कंट्रोल पॅनेलं काढायची, खोल्या, हवा वाहून नेणारे डक्ट, फ्रीझर सगळीकडे सेन्सर बसवायचे आणि सगळे आकडे प्लांट रूममधल्या एका स्क्रीनवर आणायचे. काम घेतलेल्या कंपनीचा इंजिनियर तिशीचा पोरगा होता, पण हट्टी. म्हणाला, "दोन आठवडे कंट्रोलला हात लावायचा नाही. आधी नुसतं बघायचं." मला हा वेळकाढूपणा वाटला. जून संपत आला होता आणि पावसाने जोर धरायच्या आत काम उरकावं असं माझं म्हणणं होतं.

पहिले तीन दिवस तर फ्रीझरांनीच खाल्ले. आमच्याकडे उणे ऐंशीचे नऊ फ्रीझर आहेत. नवीन स्क्रीनवर ते सगळे उणे चौऱ्याहत्तर, उणे पंच्याहत्तर दिसायला लागले. रात्रीत माझ्या मोबाइलवर अलार्मचे दीडशे मेसेज. नऊच्या नऊ फ्रीझर एकाच दिवशी सारखेच आजारी पडत नाहीत, एवढी अक्कल होती. सेन्सर पीटी-१०० होते. त्यात तापमान मोजायचं ते प्लॅटिनमच्या तारेच्या रोधावरून: शून्य अंशाला १०० ओहम, उणे ऐंशीला साधारण ६८. म्हणजे अंशामागे जेमतेम ०.४ ओहमचा खेळ. केबलचा स्वतःचा रोध वजा व्हावा म्हणून सेन्सरला तिसरी तार दिलेली असते. पोरांनी ती पॅनेलमध्ये लावलीच नव्हती, नीट गुंडाळून बाजूला ठेवली होती. तीस मीटर केबल, जाऊन-येऊन साठ मीटर तांबं, त्याचे दोनेक ओहम थेट तापमानात मिसळत होते. तिसरी तार लावली आणि फ्रीझर पाच-सहा अंशांनी खाली आले. दीडशे मेसेजांपायी बायकोने माझा फोन उशीच्या कव्हरात गुंडाळून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला होता, ते वेगळंच.

दोन आठवड्यांनी इंजिनियरने तिसऱ्या मजल्याचा आलेख उघडला. वरची रेघ तापमानाची, २३ वर, फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ. खालची रेघ दमटपणाची. रात्री दहाला अठ्ठावन्न, बाराला अडुसष्ट, तीनला अठ्ठ्याहत्तर, पहाटे पाचला चौऱ्याऐंशी. सकाळी नऊनंतर ती घसरायला लागायची आणि दुपारी बारापर्यंत साठीवर यायची. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच डोंगर, पुन्हा तीच दरी. चौदा रात्री, चौदा डोंगर. मी हायग्रोमीटर घेऊन नेमका दरीत जात होतो.

कारण कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याचाच जास्त राग आला. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच एएचयूच्या कॉइलला फुटतो. सात अंशाचं पाणी कॉइलमधून फिरतं, हवेतलं बाष्प कॉइलवर जमतं, ट्रेमध्ये पडतं आणि नळीने बाहेर जातं. हवा सुकते ती अशी. पण पाणी फिरवायचं की नाही हे ठरवणारा व्हॉल्व्ह आमच्याकडे फक्त तापमानाचं ऐकायचा. जुलैच्या रात्री बाहेरच बावीस-तेवीस अंश. लॅबमध्ये माणसं नाहीत, दिवे बंद, खोलीत उष्णता कुठून येणार? २३ झाले की व्हॉल्व्ह बंद. पंखा मात्र चालूच, कारण या लॅबला ताजी हवा चोवीस तास द्यावी लागते. म्हणजे बाहेरची पावसाळी हवा, किलोमागे सोळा ग्रॅम पाणी घेऊन, तशीच्या तशी आत. खोलीत हवं असतं नऊ-दहा ग्रॅम. सकाळी माणसं आली, यंत्रं तापली की व्हॉल्व्ह उघडायचा आणि हवा सुकायची. दिवसा सगळं आलबेल.

यावर उपाय जुनाच आहे, त्यात शोध लावण्यासारखं काही नाही. कॉइल चालू ठेवून हवा बारा-तेरा अंशांपर्यंत गार करायची, पाणी काढून घ्यायचं आणि खोली गारठू नये म्हणून डक्टमधल्या हीटरने ती पुन्हा थोडी तापवायची. इंजिनियर म्हणाला, "जुन्या ड्रॉइंगमध्ये हीटर दिसतोय. पंधरा किलोवॅट, पाच-पाचच्या तीन बँका, म्हणजे तीन गट. आहे का जागेवर?"

मी म्हटलं, बघावं लागेल.

जुलैतल्या एका शनिवारी शटडाऊन घेतला. बाहेर धो धो पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, त्यामुळे पोरं वळसा घालून तासभर उशिरा आली. मी शिडी लावून तिसऱ्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये शिरलो. डक्टचं इन्सुलेशन काही ठिकाणी ओलं लागलं, आणि जाळीच्या कडांवर काळे ठिपके होते. टॉर्चच्या उजेडात हीटरचा डबा सापडला. केबल कापून, टोकांना काळी टेप गुंडाळून नीट बांधून ठेवलेली. टेपच्या वर दोऱ्याने पुठ्ठ्याचा टॅग लटकवलेला. वर्षानुवर्षांच्या धुळीने तपकिरी झालेला. अंगठ्याने पुसला.

"हीटर कायम बंद. वीजबचत मोहीम. १७/०२/२०१२." खाली सही.

सही माझी होती.

तेव्हाचा सगळा प्रसंग तिथेच, पोटावर आडवं पडल्यापडल्या आठवला. मला नोकरीला लागून दुसरं वर्ष चालू होतं. वीजबचतीची मोहीम निघाली होती आणि मी हिशोब मांडला होता: एकीकडे चिलर लावून हवा गार करायची आणि पुढे तीच हवा हीटरने तापवायची, हा शुद्ध वेडेपणा आहे. कागदावर तो वेडेपणाच दिसतो. फेब्रुवारीत हीटर तोडला. फेब्रुवारीतली पुण्याची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. लॅबमध्ये काडीचा फरक पडला नाही. मार्च, एप्रिल, मे, सगळं उत्तम. जूनमध्ये जुना ह्युमिडिस्टॅट, म्हणजे दमटपणा वाढला की कॉइल चालू करणारा स्विच, आपलं काम करायला लागला, कॉइल रात्रभर चालली आणि सकाळी खोली सतरा अंशांवर. लोक स्वेटर घालून बसले, तक्रारी आल्या. मग आम्ही ह्युमिडिस्टॅटही बायपास केला. आम्ही म्हणजे मीच. पण तोवर वार्षिक कार्यक्रमात मला प्रशस्तिपत्र मिळालं होतं आणि ते विभागाच्या भिंतीवर फ्रेममध्ये लागलंही होतं.

खाली मामा शिडी धरून उभे. "साहेब, सापडलं का काही?"

"सापडलं."

टॅग खिशात घातला असता तर कुणालाही कळलं नसतं. मामांना कदाचित कळलं असतं. शिडी त्या दिवशीही त्यांनीच धरली होती.

दुपारी हीटर मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, तपासला. दोन बँका बऱ्या निघाल्या, तिसरी ओल धरून गेलेली. दहा किलोवॅटवर भागवायचं ठरलं. पण डक्टमधला वारा थांबला की हीटर आपोआप बंद झाला पाहिजे, नाहीतर डक्ट पेटायचा, म्हणून एअरफ्लो स्विच आणि जास्त तापल्यावर तोडणारा कटआऊट नवीन बसवला. यातच संध्याकाळचे सात वाजले. मध्ये कधीतरी मॅडम चक्कर मारायला आल्या. मी टॅग त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"ही तुमची सही?"

"हो."

बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "बुरशीला एकच कारण नसतं. एवढ्यावरून मी लगेच काही म्हणणार नाही." आणि जाता जाता, दारातून, "त्या मुलीला मी काय काय बोलले." टॅग त्यांनी परत दिला नाही.

रात्री आम्ही थांबलो. मामांना घरी जा म्हटलं तर म्हणाले, एवढ्या पावसात कुठे. अकराला व्हॉल्व्ह उघडलेला, कॉइलच्या पुढे हवा तेरा अंश, हीटरच्या पुढे सतरा-अठरा. स्क्रीनवर दमटपणाची रेघ बासष्टवरून हळूहळू खाली. बाराला एकोणसाठ. माझा स्क्रीनवर विश्वास बसेना. फ्रीझरचा अनुभव ताजा होता. मग मामा उठले, एएचयूच्या ट्रेची नळी फ्लोअर ट्रॅपमधून काढली आणि तिच्याखाली फरशी पुसायची लाल बादली ठेवली. आधी थेंब थेंब, मग बारीक धार. एवढ्या वर्षांत रात्री या नळीतून पाणी येताना मी पाहिलंच नव्हतं, कारण रात्री ते येतच नव्हतं. पंधरा लिटरची बादली तासाभरात काठोकाठ भरली. मामांनी ती ओतली, परत लावली, तीही भरली. पहाटेपर्यंत मामा बादल्या मोजत होते आणि नोंदवहीत लिहीत होते. पहाटे पाचला स्क्रीनवर पंचावन्न टक्के, तापमान २३, वहीत पाच बादल्या. त्या रात्रीची पहाटे चारची नोंद पहाटे चारला झाली, हे मी शपथेवर सांगू शकतो.

ऑगस्टचं वीजबिल आलं. लेखा विभागाचं पत्र आलं: तिसऱ्या मजल्याचा वापर वाढलेला दिसतो, कारण कळवावे, जबाबदारी निश्चित करावी. मी दोन दिवस ते टेबलावर ठेवलं. मग उत्तर टाइप केलं. पहिलंच वाक्य असं होतं: "सदर हीटर दि. १७/०२/२०१२ रोजी निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः बंद केला होता." खाली सही केली. टॅगची झेरॉक्स जोडायला मॅडमकडे गेलो, तर तो त्यांच्या इन्क्युबेटरच्या दारावर चुंबकाने लावलेला होता.