गार झाली की सुरू होणारी गाडी

मे महिन्यात साताऱ्याला निघालो होतो. भर दुपारी खंबाटकी घाट चढताना आमची दहा वर्षांची पेट्रोल गाडी बंद पडली. ना आचका, ना आवाज. कुणी किल्ली काढून घ्यावी तशी. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दोनदा नीट लागला आणि मग पायाखाली लाकूड. कशीबशी कडेला घेतली. बायकोने उतरून मागच्या चाकाला दगड लावला. सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन घेत नव्हतं. अर्ध्या तासाने, काहीही न करता, पहिल्याच सेल्फला सुरू!

पुढच्या तीन आठवड्यांत हे चार वेळा झालं. गॅरेजला नेईपर्यंत गाडी गार झालेली असायची. "साहेब, गाडी एकदम ओके आहे." बॅटरी सोडवून टर्मिनल साफ करून दिले, झालं.

एकदा नशिबाने गॅरेजजवळच बंद पडली. मेकॅनिक टेस्ट लॅम्प घेऊन चालत आला. सेल्फ मारताना पेट्रोलच्या पंपाला करंटच येत नव्हता. आधी रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बदलला, मग टाकीतला पंपही. खिशाला 5,800 रुपयांचा फटका. आठ दिवसांनी सिग्नलला पुन्हा तेच.

त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला दिसलं ते खरंच होतं, अर्थ चुकला. हे मला एका वयस्कर वायरिंगवाल्याने समजावलं. किल्ली फिरवल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पंप दोनेक सेकंद चालवतो. पुढे क्रँक सेन्सरकडून (इंजिनचा मुख्य दांडा फिरतोय का ते बघणारा सेन्सर) 'इंजिन फिरतंय' असा सिग्नल आला तरच चालू ठेवतो. अपघातात इंजिन थांबलं तर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय. सिग्नल नाही तर पंप नाही, आणि प्लगला स्पार्कही नाही.

त्यांनी विचारलं, "बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का?" काटाही त्याच सेन्सरच्या सिग्नलवर हलतो. मी कधी बघितलंच नव्हतं. गाडी गार असताना सेल्फ मारून बघितला, काटा किंचित उचलत होता. सेन्सर कुठे बसतो तेही त्यांनी दाखवून ठेवलं.

पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा मला चक्क आनंद झाला. किल्ली फिरवली, मागच्या सीटखाली पंप घूं झाला. सेल्फ मारला, काटा शून्यावर ढिम्म. गिअरबॉक्सजवळच्या सेन्सरवर ओला फडका धरला (सायलेन्सर सांभाळून, हात भाजतो). पाच मिनिटांत गाडी सुरू!

सेन्सर एका बोल्टवर होता. दोन वायरींचा, आत नुसती कॉइल. गार असताना मीटरवर 860 ओहम. बायकोचा हेअर ड्रायर मारला तर थोड्या वेळाने मीटर ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं. आतली तार कुठेतरी तुटलेली, तापली की टोकं दूर जायची, गार झाली की टेकायची. तीन वायरींच्या सेन्सरची रचना बहुधा वेगळी असते, त्याला ही ओहमची तपासणी चालत नाही.

स्कॅनरवर तेव्हा पी 0335 हा क्रँक सेन्सरचाच कोड आला. आधी का नव्हता? बॅटरी सोडवली तेव्हा पुसला गेला असावा.

नवीन सेन्सर 1,100 रुपयांना पडला. जुना पंप अजून डिकीत आहे. बॅटरीला थेट जोडून बघितला, मस्त चालतो.