अनेक लेखक, एक डेटाबेस : आराखडा ठरवतानाचा माझा अनुभव

ज्या व्यासपीठावर प्रत्येकाला स्वतःची अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, काढता यावी आणि तिच्यात सहलेखकही घेता यावेत, त्याच्या डेटाबेसचा आराखडा माझ्याकडे आला, तेव्हा पहिला प्रश्न होता तो प्रत्येक अनुदिनीला वेगळी टेबले द्यायची की सर्वांचे लेख एकत्र ठेवायचे, हा. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीच्या मल्टिसाइट (एकत्र अनेक साइट चालवण्याच्या) रचनेत दर साइटला लेखांची आणि प्रतिक्रियांची स्वतंत्र टेबले मिळतात, वापरकर्त्यांचे टेबल तेवढे सामाईक असते. त्यामुळे एका साइटचा डेटा वेगळा काढणे सोपे जाते. मात्र टेबलाच्या रचनेत बदल करायचा झाला, की तो प्रत्येक साइटसाठी करावा लागतो. मी पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली घेतली, टेबले सामाईक ठेवली आणि प्रत्येक ओळीत साइट आयडी, म्हणजे ती ओळ कोणत्या अनुदिनीची हे सांगणारा क्रमांक, घातला.

यात खरी जोखीम सरमिसळीची असते. प्रतिक्रियेत लेखाचा आयडी आणि साइट आयडी सुटेसुटे ठेवले, तर एका अनुदिनीची प्रतिक्रिया दुसऱ्या अनुदिनीच्या लेखाला बिनतक्रार चिकटते. म्हणून लेखांच्या टेबलात साइट आयडी आणि लेख आयडी या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी पुन्हा येऊ न देणारा नियम) घातले आणि प्रतिक्रियेची फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातील ओळीकडे बोट दाखवणारा दुवा, त्या जोडीवरच नेली. आता तशी ओळ डेटाबेसच नाकारतो. ही राखण प्रोग्रामरच्या दक्षतेवर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. अधिकारांचेही तसेच : एकच व्यक्ती स्वतःच्या अनुदिनीची मालक आणि मैत्रिणीच्या अनुदिनीत केवळ लेखक असू शकते, तेव्हा भूमिका वापरकर्त्याच्या टेबलात न ठेवता सदस्यत्वाच्या वेगळ्या टेबलात ठेवली.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो टॅगांचा. ‘वऱ्हाड’ हा टॅग तीन प्रकारे टंकला जातो : ऱ हे एकच अक्षरचिन्ह वापरून, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. नेहमीच्या कोलेशनमध्ये (मजकुराच्या तुलनेच्या नियमांत) एकच मूल्य दोनदा येऊ न देणाऱ्या युनिक इंडेक्सच्या लेखी मात्र ते तीन वेगळे टॅग ठरतात. पहिली दोन रूपे एनएफसी या प्रमाणरूपात, म्हणजे एकच अक्षर एकाच प्रकारे लिहिण्याच्या युनिकोडच्या ठरावीक पद्धतीत, एक होतात आणि पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून ती तपासणी डेटाबेसमध्येच करता येते. तिसऱ्या रूपाला एनएफसी हात लावत नाही. त्यामुळे साठवण्यापूर्वी ते रूप पहिल्या रूपात बदलणारे छोटे फंक्शन लिहिले, आणि टॅगच्या कॉलमवर एनएफसी असणे आणि तिसरे रूप नसणे या दोन्ही गोष्टींसाठी चेक बंधने (अट न पाळणारी नोंद नाकारणारे नियम) घालून मगच युनिक इंडेक्स उभारला.