तुम्ही विचारलंत म्हणून: कोयता, यंत्र आणि मालकी

ऊसतोड मजुरांच्या बैठकांना जातो तेव्हा आणि शहरातल्या मित्रांमध्ये बसतो तेव्हाही एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. तुम्ही स्वतःला समाजवादी म्हणवता, तुमचे आईवडील कोयत्यावर जात होते, मग ऊस तोडणारे हार्वेस्टर आल्यावर तुम्ही विरोध का करत नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही.

आमच्याकडे कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता होतो, आणि मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेतली जाते तीही या जोडीच्या नावावर. माझ्या लहानपणी दिवाळी झाली की धारूर तालुक्यातले आमचे गाव रिकामे होई आणि मी आईवडिलांबरोबर फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतावर, जाई. पहाटे थंडीत ओल्या पाचटावर चालताना पायाला काप बसत. वडील ऊस तोडत, आई तो साळून मोळी बांधे आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढे. फळी खाली वाकत असे आणि मी कोपीच्या (आमच्या तात्पुरत्या झोपडीच्या) दारात धाकट्या बहिणीला धरून तिच्याकडे पाहत बसे. हे काम टिकावे असे मला कधीही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आजारपणाच्या दिवसाचा खाडा ज्या कामात उचलीतून कापला जातो, ते काम यंत्राने केले तर मला आनंदच आहे.

मात्र हिशेब डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपये झाला, तोही संपाचे हत्यार उपसल्यानंतर. हार्वेस्टर दिवसाला शंभर टनांच्या वर जातो, म्हणजे एक यंत्र सुमारे पन्नास कोयत्यांचे, शंभर माणसांचे काम करते. गेल्या हंगामात आईला मुद्दाम एका फडावर यंत्र पाहायला नेले. ते उसाच्या कांड्या करून शेजारच्या ट्रॉलीत टाकत होते आणि पंख्याने पाला उडवत होते. बराच वेळ पाहून तिने विचारले, ‘‘अन् वाढं कुठं जातं?’’ उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, बैलांना घालून उरलेले विकायचे आणि त्या पैशांत मीठमिरची भागवायची, ही बायकांच्या हातातली एकमेव कमाई होती. यंत्र तेही बारीक करून शेतातच पसरते. मजुरीचे नुकसान सगळ्यांना मोजता येते. वाढ्यांचे नुकसान कोणत्याही अहवालात येणार नाही.

समाजवादाने या प्रश्नाचे काय केले, हे पाहायचे असेल तर क्यूबाकडे पाहावे लागते. 1959 च्या क्रांतीपूर्वी तिथले ऊस कामगार यंत्रांना कडाडून विरोध करत, कारण हंगाम संपला की पुढच्या महिन्यांना ते ‘तिएंपो मुएर्तो’, म्हणजे मेलेला काळ म्हणत आणि त्या काळात हाताला काम नसे. क्रांतीनंतर इतर कामे मिळू लागली, तोडायला माणसे कमी पडू लागली आणि तीच माणसे यंत्राची वाट पाहू लागली. 1970 मध्ये एक कोटी टन साखरेचे लक्ष्य ठेवून सगळा देश फडात उतरवला गेला, तरी उत्पादन 85 लाख टनांपर्यंतच पोहोचले. पुढे सोव्हिएत मदतीने ओल्गीन येथे हार्वेस्टरचा कारखाना उभा राहिला आणि निम्म्याहून अधिक ऊस यंत्राने तोडला जाऊ लागला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर इंधन व सुटे भाग मिळेनात आणि शेतांत पुन्हा बैल आले. तिथे स्वतंत्र कामगार संघटनेला जागा नव्हती, हा दोष मी झाकणार नाही. पण जगण्याची दुसरी सोय असेल तर मजूर यंत्राला शत्रू मानत नाही, एवढे त्या देशाने दाखवून दिले.

आपल्याकडे सोय नाही आणि मालकीही नाही. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हा ऊस पिकवणारा यंत्रांचा मालक झाला. त्यासाठी लागणारे भांडवल छोट्या शेतकऱ्याकडे नव्हते, म्हणून सरकारने भागभांडवल घातले. मला ते काम आजही फार मोठे वाटते. पण ऊस तोडणारा त्या संस्थांचा सभासद कधीच झाला नाही आणि ही उणीव इतकी वर्षे कोणाला बोचली नाही.

आता 2023 ची हार्वेस्टर अनुदान योजना पाहा. राज्यात 900 यंत्रांसाठी किमतीच्या 40 टक्के किंवा जास्तीत जास्त 35 लाख रुपये अनुदान ठरले. यंत्राची किंमत कोटीच्या घरात, आणि अर्जदाराने निदान 20 टक्के स्वतःचे घालायचे. ज्याची उचलच फिटत नाही, तो वीस लाख कुठून आणणार? म्हणून माझी मागणी साधी आहे. पन्नास कोयत्यांनी मिळून सहकारी संस्था करावी आणि ती वीस टक्क्यांची रक्कम सरकारने भागभांडवल म्हणून घालावी, जशी कारखान्यांसाठी घातली होती. यंत्राचे भाडे संस्थेला मिळावे, त्यातून आधी कर्ज फिटावे आणि उरलेला वाटा बाईच्या व पुरुषाच्या नावे वेगवेगळा जमा व्हावा. एका यंत्रावर पन्नास घरे पूर्ण जगणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी गावात पाणी आणि बारमाही काम लागेल, आणि तो लढा वेगळा चालूच आहे. पण मालकीचा प्रश्न आत्ताच, यंत्रे येत असतानाच, सोडवावा लागेल.

माझा भाचा गेल्या वर्षी हार्वेस्टर चालवायला शिकला. काम मनापासून करतो, बसायला गार केबिन आहे, पायाला काप बसत नाहीत. पगार हंगामापुरताच मिळतो. यंत्र ज्याचे आहे, तो आमच्या टोळीचा जुना मुकादम.