डबल ट्रॉलीचा डिझेल-हिशेब

आमचा ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीचा असून त्याला वीस वर्षे पूर्ण झाली आहेत. वाळवा तालुक्यातील आमच्या शिवारापासून साखर कारखान्याचा वजनकाटा १८ किलोमीटरवर आहे आणि गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, या ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्याच असतात. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, डिझेल मात्र लिटरवर घ्यावे लागते. म्हणून तीन हंगामांपूर्वी किलोमीटरचा हिशेब सोडून टनामागे किती डिझेल जळते, हे मी वहीत मांडू लागलो. काट्याच्या पावतीवर निव्वळ वजन छापलेलेच असते. टाकी तेवढी दर वेळी एकाच सपाट जागेवर गळ्यापर्यंत भरावी लागते, कारण ट्रॅक्टर जरासा कलता उभा राहिला तरी मोजमाप चुकते. पहिल्या पंधरा खेपांची सरासरी सतरा टनांना १८ लिटर निघाली.

माझा पहिला संशय अर्थातच इंजिनावर होता आणि तो बराचसा चुकीचा ठरला. भरलेला ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरच्या आतच चालतो, त्यामुळे वाऱ्याचा अडथळा जवळपास नसतोच. शक्ती खर्च होते ती चाकांच्या घर्षणावर आणि चढावर. रस्ता शंभर फुटांत एक फूट चढत असेल, तर वीस टनांच्या ओझ्याला दोनशे किलोंची जादा ओढ लागते. चढ आपल्या हातात नाही, चाके आहेत. दोन्ही ट्रॉल्या रिकाम्या करून, जॅकवर उचलून आठही चाके हाताने फिरवून पाहिली, तेव्हा तीन चाके अर्ध्या फेऱ्यातच थांबली. दोन चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस वाळून खडखडीत झाले होते आणि तिसऱ्याचा ब्रेक सुटतच नव्हता. टायरमधील हवेची गत याहून वाईट होती. एकाच आसावरच्या दोन टायरांत जमीन-अस्मानाचा फरक होता. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात तो तापतो, आणि ती उष्णता शेवटी आपल्याच टाकीतून आलेली असते. तेव्हापासून दर आठवड्याला टायर थंड असताना हवा तपासतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत फडातील मऊ मातीसाठी हवा कमी ठेवण्याची पद्धत आहे. डांबरी रस्त्याच्या लांब खेपा सुरू झाल्या की ती टायर कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत वाढवावी लागते. या एवढ्या कामांनीच खेपेमागे दीड लिटरचा फरक पडला.

चालवण्याच्या पद्धतीबद्दल आमचे चालक आणि माझे अनेकदा वाद झाले. उतारावर न्यूट्रल केल्याने डिझेल वाचते, ही समजूत आमच्या भागात पक्की रुजलेली आहे. प्रत्यक्षात गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली, तर उतार इंजिनाला फिरवत असतो आणि त्या वेळी डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे वेगानुसार डिझेलचे प्रमाण ठरवणारा भाग, डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला बंद पडू नये इतके डिझेल द्यावेच लागते. म्हणजे बचत होत नाही, आणि इंजिनाचा ब्रेक गेल्यावर मागचे वीस टन ट्रॅक्टरला कोठे ढकलतील याचा भरवसा राहत नाही. सपाटीवर खालच्या गिअरमध्ये मिनिटाला एकवीसशे फेऱ्यांवर इंजिन ओरडत नेण्यापेक्षा वरच्या गिअरमध्ये सोळाशेच्या आसपास चालवणे फायद्याचे आहे. अट एकच, काळा धूर दिसताच गिअर उतरवायचा, कारण तो धूर म्हणजे हवेअभावी अर्धवट जळालेले डिझेल असते.

इंजिनाच्या दोनच गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. एका मिस्त्रीने पूर्वी ताकद वाढवण्यासाठी पंपाचे डिझेल वाढवून ठेवले होते. पंप मूळ मापावर आणून इंजिनात डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले आणि तेलाच्या एअर क्लीनरमधील चिखल काढला, तेव्हा धूर निवळला. दुसरे म्हणजे, उन्हाळ्यात गरम होतो म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकली होती. परिणामी डिसेंबरच्या रात्रीच्या खेपांत इंजिन कधी नीट तापतच नव्हते, आणि थंड इंजिन डिझेलही जास्त खाते व झिजतेही लवकर. रेडिएटर धुऊन थर्मोस्टॅट परत बसवल्यावर गरम होण्याची तक्रारही राहिली नाही. डिझेल वाचते म्हणून विकली जाणारी, डिझेलच्या नळीला लावायची चुंबके आणि टाकीत ओतायच्या बाटल्या यांवर मी खर्च केलेला नाही.

सर्वांत अनपेक्षित गळती कारखान्याच्या आवारात सापडली. ऊस उतरवायच्या गव्हाणीपर्यंत नंबर लागायला कधी चार, कधी सहा तास जातात आणि एवढा वेळ आमचा ट्रॅक्टर सुरूच असे. विचारले तेव्हा चालक म्हणाले, "मालक, बंद केला तर सेल्फ मारत नाही. दोन ट्रॉल्यांसकट धक्का द्यायला माणसं कुठनं आणू?" बॅटरी चार वर्षांची होती आणि ती आणखी एक हंगाम ढकलू, असे मीच म्हटले होते. नवी बॅटरी घेतली, तिच्या जाड तारा बदलल्या, आणि आता रांगेत इंजिन बंद असते. गेल्या हंगामाची सरासरी सतरा टनांना साडेचौदा लिटर आहे. मागच्या ट्रॉलीचे दोन रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेले) टायर बदलायचे अजून बाकी आहेत.