बर्लिनच्या किटात मुलीचा प्रवेश : माझा अनुभव

चार वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याहून बर्लिनला जायचे ठरले, तेव्हा घरातील सगळ्यांना तिच्या भाषेचीच काळजी लागली होती. जर्मनचा एक शब्द न येणारी पोर तिथल्या बालवाडीत, म्हणजे किटात, कशी राहील, असे आजी रोज विचारत असे. भाषेचा प्रश्न मुलीने स्वतःच्या पद्धतीने सोडवला. आम्ही जिथे खरोखर अडकलो ते ठिकाण म्हणजे तिच्या लसीकरणाच्या पुस्तकातील एक पान होते, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

आधीची कामे तशी सरळ पार पडली. घरमालकाच्या सहीचे पत्र घेऊन पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, केली. (घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते; नोंदणी कार्यालयाची वेळ मिळत नसेल तर सकाळी लवकर त्यांचे संकेतस्थळ उघडावे, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात.) त्यानंतर युगेंडआम्टकडून, म्हणजे बाल व युवक कल्याण कार्यालयाकडून, किटा-गुटशाइन, म्हणजे किटाच्या जागेचे हक्कपत्र, आले. बर्लिनमध्ये ऑगस्ट 2018 पासून किटाचे शुल्क माफ आहे, जेवणाचे महिन्याला 23 युरो तेवढे भरावे लागतात. गुटशाइन हाती असले तरी जागा आपणच शोधायची असते. ती आम्हांला घराजवळच मिळाली आणि आता सगळे झाले असे वाटले.

जर्मनीत 1 मार्च 2020 पासून गोवराच्या लसीचा कायदा लागू आहे. एक वर्षाच्या मुलाला गोवराची एक मात्रा आणि दोन वर्षांवरील मुलाला दोन मात्रा मिळाल्याचा पुरावा दाखविल्याशिवाय किटात घेता येत नाही. शाळा सक्तीची असल्यामुळे शाळेत मात्र पुराव्यावाचून मूल अडवत नाहीत, फक्त आरोग्य कार्यालयाला कळवतात. कायद्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आमच्या पुस्तकात नवव्या आणि पंधराव्या महिन्यातील एमएमआरच्या, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीच्या, दोन्ही नोंदी होत्या. परंतु आपल्याकडील अनेक खासगी दवाखान्यांत असते तशी तारीख डॉक्टरांच्या हाताने लिहिलेली, सही न वाचता येणारी आणि शिक्का केवळ पहिल्या पानावर, असा तो कारभार होता. किटाच्या प्रमुख बाईंनी पान उलटसुलट करून पाहिले आणि अत्यंत सौजन्याने सांगितले की, प्रत्येक नोंदीसमोर शिक्का नसल्यामुळे हे चालणार नाही. इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून या नोंदी पिवळ्या इम्फपासमध्ये, म्हणजे लसीकरणाच्या पुस्तिकेत, उतरवून आणाव्यात.

हे काम किरकोळ वाटले, परंतु बालरोगतज्ज्ञ मिळेना. ज्या दवाखान्यात फोन करावा तिथे एक तर ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येई, नाही तर आउफनामेश्टॉप, म्हणजे नवे रुग्ण घेणे बंद आहे, असे उत्तर मिळे. एका ठिकाणी आमचा पिनकोड विचारून नकार दिला, दुसऱ्या ठिकाणी विम्याचे कार्ड आल्याशिवाय नावच लिहून घेतले नाही, आणि तिसऱ्या ठिकाणच्या स्वागतिकेने ऐकवले की मूल आजारी नसेल तर निव्वळ कागदासाठी वेळ देता येणार नाही. आजारी नसलेल्या मुलीला आजारी म्हणून नेण्याचा सल्ला एका ओळखीच्या बाईंनी दिला, तो मला पटला नाही. इकडे किटाने जागा महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवण्याचे सांगितले होते, आणि मुलगी रोज कुंपणाबाहेर उभी राहून आतील घसरगुंडीकडे पाहत मला विचारत होती की, त्या मुलांना आत कसे सोडले.

विम्याच्या कार्डाबद्दल इथेच सांगून टाकते : सरकारी विम्यात मुलांचा समावेश विनामूल्य होतो, आणि कार्ड येईपर्यंत विमा कंपनीकडून सदस्यत्वाचे पत्र मागवता येते. बहुतेक दवाखाने ते मान्य करतात.

शेवटी 116117 या क्रमांकाने सुटका केली. हा क्रमांक रात्री-अपरात्री डॉक्टर मिळवण्यासाठी म्हणून अनेकांना ठाऊक असतो, परंतु बालरोगतज्ज्ञांची वेळही त्यावरून मिळते, हे आम्हांला एका पंजाबी शेजाऱ्यांनी सांगितले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांनी आमचे पुस्तक वाचले, एकही प्रश्न न विचारता दोन्ही तारखा उतरवल्या, शिक्का मारला आणि मुलीच्या दंडावरील बीसीजीचा व्रण पाहून हसले. जर्मनीत ही लस 1998 पासून देत नाहीत. ज्या कामासाठी इतके दिवस घालवले ते इतक्या सहज झालेले पाहून आनंदाआधी संतापच आला. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर लसीचे नाव, तारीख आणि बॅच क्रमांक इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला बजावते. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी हाही कायद्याने मान्य पुरावा आहे. तथापि त्यासाठीही डॉक्टर लागतोच, शिवाय मुलाला सुई टोचावी लागते ती वेगळी.

आत गेल्यावर मात्र किटाची पद्धत मला मनापासून आवडली. मूल रुळवण्याच्या काळाला तिथे आइनगेव्योनुंग म्हणतात. रूढ बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत वर्गात साधारण तासभर बसतात, आणि चौथ्या दिवशी प्रथमच काही मिनिटे बाहेर जाऊन पाहतात. मूल शांत होत नसेल तर घाई करत नाहीत. नोकरीवर रुजू होण्याची तारीख ठरवताना हा काळ जरूर धरावा. माझी मुलगी प्रारंभी बरेच दिवस गप्प होती, पण खेळायला कधी थांबली नाही, आणि तिच्या तोंडून पहिले पूर्ण जर्मन वाक्य आले ते झोक्याच्या पाळीवरून भांडताना. घरी आम्ही कटाक्षाने मराठीच बोलत राहिलो. किटातील शिक्षिकांनीही तेच सुचवले होते.

शाकाहारी कुटुंबांनी केवळ जेवणाविषयी सांगून थांबू नये; वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या मऊ गोळ्यांत बहुधा डुकराचे जिलेटिन असते, तेही लिहून द्यावे. पावसाची विजार आणि घरातील चपला आधीच घ्याव्यात, कारण पाऊस असला तरी मुलांना बाहेर नेतातच. आणि डॉक्टर एकदा मिळाले की पुढच्या तपासणीची वेळ त्याच खेपेस मागून घ्यावी. पाच वर्षांनंतरची यू 9 ही मुलांची नेहमीची आरोग्य तपासणी साठाव्या ते चौसष्टाव्या महिन्यात करायची असते, आणि नोंदलेल्या रुग्णाला नकार मिळत नाही.