फिल्टर सगळेच बदलतात, क्लॅम्पकडे कोण बघतं?

मोटरसायकलचा पेट्रोल फिल्टर बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं म्हणणाऱ्याने जुना फिल्टर बहुधा कधी काढलेलाच नसतो. तोटीवर वर्षानुवर्षं चिकटलेली रबरी नळी सहज सुटत नाही. ती जोर लावून ओढायची तर नाहीच. मी ब्लेडने तिला उभी चीर देते आणि केळ्यासारखी सोलून काढते. नळी गेली तर गेली, तशीही ती बदलायचीच असते. कार्ब्युरेटरची तोटी तुटली तर मात्र काम वाढलंच. ब्लेडचा चरा तोटीवर पडू द्यायचा नाही, पुढे पेट्रोल नेमकं तिथूनच झिरपतं.

इंजिन थंड, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद, जागा उघडी, आसपास ठिणगी नाही, खाली भांडं. याबद्दल जास्त काय सांगायचं?

जुना फिल्टर टाकून देण्याआधी मी पांढऱ्या फडक्यावर झटकते, पेट्रोल आत शिरायची बाजू खाली धरून. लालसर, बोटाला खरखरीत लागणारी पूड पडली तर टाकी आतून गंजली आहे आणि नवा फिल्टरही लवकरच तुंबणार. काळे, मऊ, चिरडले की डाग पाडणारे कण निघाले तर नळीच आतून झडतेय, बाहेरून ती कितीही धडधाकट दिसो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही, त्यामुळे हे काळे कण बघितल्याशिवाय मी फिल्टर फेकत नाही.

नवा बसवताना बाण टाकीकडून कार्ब्युरेटरकडे. पंप नसलेल्या गाडीत पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसतो, त्याने बिचकायचं कारण नाही. पेट्रोल पुरेसं वाहतंय ना, एवढंच बघायचं.

आता क्लॅम्प, म्हणजे नळी तोटीवर आवळून धरणारी कडी. बारीक नळीवर पेचाचा, खाचा पाडलेल्या पट्टीचा क्लॅम्प मला अजिबात आवडत नाही. इतक्या लहान मापाला ती पट्टी नीट गोल वळत नाही. पेचाच्या डोक्याखाली फट राहते आणि ती बुजवायला माणूस आणखी आवळतो. मग खाचांमधून रबर वर येतं आणि कापलं जातं. कार्ब्युरेटरच्या गाडीला साधी स्प्रिंगची क्लिप पुरते. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीला आतून गुळगुळीत, कडा बाहेर वळवलेल्या पट्टीचा क्लॅम्प हवा आणि नळीही जास्त दाबाचीच हवी, कारण तिथे दाब बऱ्याच गाड्यांत साधारण 3 बार असतो. जोड सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, नाहीतर पेट्रोलची चिळकांडी थेट तोंडावर.

क्लॅम्प कुठे बसतो तेही महत्त्वाचं. तोटीला टोकाशी एक उंचवटा असतो. क्लॅम्प त्याच्या मागे हवा, त्याच्यावर नको आणि नळीच्या अगदी कडेलाही नको. नळी मुळातच सैल असेल तर कुठलाही क्लॅम्प तिला वाचवत नाही.

सगळ्यात फसवा असतो टाकीच्या आतला क्लॅम्प. काही इंजेक्शनच्या गाड्यांत पंप आणि फिल्टर दोन्ही टाकीतच असतात. तिथला जोड सैल पडला की गळलेलं पेट्रोल परत टाकीतच जातं. ना वास, ना थेंब. गाडी सावकाश चालवली तर ठीक, ॲक्सिलरेटर पिळला की धाप लागते. मग स्पार्क प्लग बदला, इंजेक्टर साफ करा, पंप नवा घाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून टाकी उघडलीच आहे तर आतले सगळे क्लॅम्प आणि नळीचे तुकडे नवे घालावेत. हा तुकडा बाहेरच्या नळीतून कापून चालत नाही. चोवीस तास पेट्रोलमध्ये बुडून राहायला वेगळी नळी मिळते, तीच घ्यायची.

सगळं जोडलं की कॉक उघडून (इंजेक्शनची असेल तर चावी फिरवून) कोरडा कागद प्रत्येक जोडाभोवती फिरवते. इंजिन तापल्यावर पुन्हा एकदा. पेचाचे क्लॅम्प थोडे दिवस गाडी चालवल्यावर परत तपासते, कारण नवं रबर दबतं आणि पट्टी आहे तिथेच राहते. स्प्रिंगच्या क्लिपला ही कटकट नाही, रबर दबलं तरी ती त्याच्यामागोमाग आवळत जाते.