डॅशबोर्डवरचे चार बल्ब

‘दोष आढळून आला नाही’ अशा अर्थाचा शेरा असलेला कागद इथल्या गॅरेजमध्ये तिसऱ्यांदा माझ्या हातात आला, तेव्हा अमेरिकेत इतकी वर्षे राहून प्रथमच मला आपल्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनची मनापासून आठवण झाली. त्याच आठवड्यात माझा १९९४ सालचा पिकअप भर महामार्गावर, ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात, कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडला होता. इंजिन थांबले की स्टिअरिंग दगडासारखे जड होते आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि मागून कंटेनर येत असताना अनुभवणे वेगळे. कशीबशी गाडी कडेला घेऊन मी बसून राहिले. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर जणू काही घडलेच नाही अशा थाटात ती पहिल्या फटक्यात सुरू झाली.

गाडीतला सर्वांत अवघड दोष कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी हाच सांगेन. पूर्ण बिघडलेली गाडी तपासणे सोपे असते, कारण दोष जागेवर थांबलेला असतो. अधूनमधून बंद पडणारी गाडी मात्र गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत ठणठणीत झालेली असते, आणि चालू गाडीत दोष दिसत नाही म्हणून अंदाजाने सुटे भाग बदलणे सुरू होते. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते, एवढे ऐकून गॅरेजवाल्यांनी प्रथम इग्निशन मॉड्यूल, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग, बदलले, नंतर इंधनपंपाचा रिले, म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बदलला. दोन्ही अंदाज चुकीचे असले तरी निराधार नव्हते. मॉड्यूलमधले इलेक्ट्रॉनिक भाग तापल्यावर दगा देतात आणि रिलेच्या आतल्या सोल्डरच्या टाक्याला तडा गेला की तोही असाच लहरीपणा करतो. माझी तक्रार अंदाजाबद्दल नाही. तो भाग खरोखर निकामी आहे का, हे न मोजताच तो बदलण्याबद्दल आहे.

इथे १९९६ पासूनच्या मॉडेलांना ओबीडी-२ ही निदानव्यवस्था सक्तीची झाली. त्यामुळे आजच्या मेकॅनिकची सवय अशी असते की यंत्र जोडायचे, दोषाचा कोड वाचायचा आणि त्यानुसार पुढे जायचे. माझी गाडी त्याआधीची. तिचे कोड इंजिनच्या इशारादिव्याची उघडझाप मोजून वाचावे लागतात, आणि ते वाचले तर एकही कोड साठवलेला नव्हता. कोड नाही म्हणजे दोष नाही, असा अर्थ लावला गेला. वास्तविक कोड नसणे हीच सर्वांत मोठी खूण होती. सेन्सर बिघडला तर गाडीतला कॉम्प्युटर नोंद करतो. पण किल्ली फिरवल्यावर त्याला स्वतःला मिळणारा इग्निशनचा पुरवठाच तुटला, तर त्याच्या दृष्टीने मीच किल्ली फिरवून गाडी बंद केलेली असते. त्याने नोंदवावे तरी काय?

यात माझीही एक चूक होती. गाडी बंद पडते तेव्हा नेमके काय काय बंद पडते, हे मी पहिले दोन महिने पाहिलेच नाही. किल्ली चालू स्थितीत असताना इंजिन थांबले, तर ऑइलचा आणि चार्जिंगचा तांबडा दिवा लागायला हवा. त्या रात्री महामार्गावर यांपैकी एकही लागला नव्हता आणि हीटरचा पंखाही त्याच क्षणी गप्प झाला होता. हॅझर्डचे दिवे मात्र व्यवस्थित लुकलुकत होते, म्हणजे बॅटरी आणि तिच्या जाड केबल शाबूत होत्या. डोळ्यांसमोर असलेली ही माहिती मला दिसली नाही, कारण मी घाबरले होते आणि माझे सगळे लक्ष फक्त इंजिनकडे होते.

ती माहिती मला वाचायला शिकवली शेजारच्या आजोबांनी. त्यांचा जन्म शेतीची यंत्रे दुरुस्त करण्यात गेला आणि आता हात थरथरतात म्हणून ते स्वतः पाना धरत नाहीत. ओळख म्हणावी तर फक्त कुंपणावरून नमस्कार करण्यापुरती. तरी बॉनेट उघडे टाकून उभी असलेली मी दिसले तेव्हा ते सावकाश चालत आले, माझे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि दोनच कामे सांगितली. एक, गाडी बंद पडेल तेव्हा प्रत्येक वेळी वहीत लिहायचे: किती वेळ चालवली होती, रस्ता कसा होता, काय काय चालू होते. दोन, दोष चालू गाडीत शोधायचा नाही. तो घडेल त्या क्षणी त्याने स्वतःच दिसावे अशी सोय करायची.

ती सोय म्हणजे बारा व्होल्टचे चार लहान बल्ब. प्रत्येकाला लांब वायर आणि वायरच्या सुरुवातीलाच छोटा फ्यूज, दुसरे टोक गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडलेले. पहिला बल्ब बॅटरीकडून किल्लीने फिरणाऱ्या इग्निशन स्विचच्या प्लगपर्यंत येणाऱ्या जाड तांबड्या वायरवर, दुसरा स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरवर, तिसरा ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणाऱ्या कॉइलच्या पॉझिटिव्हवर आणि चौथा इंधनपंपाच्या वायरवर. चारही डॅशबोर्डवर ओळीने चिकटवले आणि खाली कागदाच्या पट्टीवर आकडे लिहिले. अकरा दिवस ते माझ्यासमोर जळत राहिले. बाराव्या दिवशी, ओळखीच्या चढावर, इंजिन गेले आणि दुसरा, तिसरा आणि चौथा बल्ब एकदम विझले. पहिला लखलखीत जळत होता. गाडी कडेला घेताना मला भीती वाटली नाही, उलट आनंद झाला, हे प्रामाणिकपणे सांगते. इतक्या महिन्यांचे कोडे एका वीतभर जागेत येऊन थांबले होते: प्लगच्या अलीकडे करंट होता, स्विचच्या पलीकडे नव्हता.

वहीनेही त्याला दुजोरा दिला. नऊ नोंदींपैकी आठ वेळा हीटरचा पंखा सर्वांत जोरात चालू होता. या गाडीत पंख्याचा सगळा करंट इग्निशन स्विचमधूनच जातो. स्टिअरिंगखालचे झाकण काढून प्लग ओढला, तेव्हा तांबड्या वायरच्या घराभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी होऊन एका कोपऱ्यात वितळले होते आणि आतल्या पितळी टर्मिनलची पकड इतकी सैल झाली होती की ते पातीवर नुसते टेकलेले होते. हीच जागा गॅरेजने मीटरने तपासली होती आणि १२.६ व्होल्ट, म्हणजे अगदी निर्दोष आकडा, मिळाला होता. पण तो मिळाला पंखा बंद असताना. करंटच वाहत नसेल, तर खराब जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्या जोडात केवळ ०.१ ओहम रोध आहे असे धरा. पंख्यासह वीस अँपिअर वाहू लागले की तिथे २ व्होल्ट गळतात आणि ४० वॅट उष्णता तयार होते. साध्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता नखाएवढ्या टर्मिनलमध्ये सतत साठत राहिली, तर टर्मिनलचा ताण जातो, जोड आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो आणि एका क्षणी संपर्क सुटतो. थंड झाल्यावर धातू पुन्हा टेकतो आणि गाडी सुरू होते. म्हणूनच लक्षणे हुबेहूब तापलेल्या मॉड्यूलसारखी होती.

याच ठिकाणी मला आपल्याकडच्या माणसांचा अभिमान वाटतो. आपला ऑटो इलेक्ट्रिशियन मीटरवर विसंबत नाही. तो हेडलाइटचा जुना बल्ब जोडून पाहतो. पंचावन्न वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि जोड खराब असेल तर मंद जळून ते लगेच सांगतो. अर्थात फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालून मोकळे होणारेही आपल्याकडेच आहेत, आणि तशी तार या गाडीत असती तर जोड जळण्याऐवजी कदाचित गाडीच जळाली असती, हे मला नाकारता येत नाही. तरीही तिसरा कागद हातात घेऊन परत येताना मला ज्या हातांची उणीव भासली, ते हात तिकडचेच होते.

दुरुस्तीचे काम एका दुपारचे होते. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, जळका प्लग कापून त्याच जाडीच्या वायरींसह नवा जोडला आणि पाती काळवंडलेला स्विचही बदलला. आजोबांच्या आग्रहावरून पंख्यासाठी स्वतंत्र फ्यूज आणि रिले बसवला. आता स्विचमधून रिले उचलण्यापुरता किरकोळ करंट जातो. मग गाडी चालू ठेवून, पंखा पूर्ण जोरात लावून, प्लगच्या एका बाजूपासून स्विचच्या दुसऱ्या बाजूपर्यंत व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत गळणारे व्होल्टेज, मोजला. दुरुस्तीपूर्वी गाडी तापल्यावर तो दीड व्होल्टच्या वर जात होता, आता ०.०५ भरला. अशा जोडावर ०.२ च्या आत असला की निभावते. आजोबांनी चष्मा वर करून आकडा स्वतः वाचला आणि मान हलवली.

घरून फोन आला की अजूनही विचारतात, एवढ्या जुन्या गाडीवर जीव कशाला टाकतेस. मला रोजच्या कामासाठी मागचा हौदा लागतो आणि ज्या गाडीची प्रत्येक वायर मला डोळ्यांनी दिसते, ती मी स्वतः सांभाळू शकते, हे माझे उत्तर आहे. ते त्यांना पटत नाही; मला पुरते.

याच गाडीत हेडलाइटचा करंटही रिलेशिवाय थेट स्विचमधून जातो, असे वायरिंगचा नकाशा पाहताना काल लक्षात आले. शनिवारी तो प्लग उघडणार आहे. बल्ब तोवर डॅशबोर्डवरच आहेत. दुसऱ्या बल्बची वायर फक्त तिकडे वळवायची आहे.